पाणी मागायला भीड कशाला?

५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली आणि लाटंबार्सेसारखी गावे विमानाच्या एकदम जवळ आली. त्याआधी डिचोलीच्या या टोकाच्या माणसाला मांडवी आणि झुआरी अशा दोन नद्या ओलांडून दाबोळी गाठावी लागे. आता इथलीच नव्हे, तर दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगडकडचीही माणसे मोपाची वाट धरतात. त्यात नोकरीसाठी आखातात जाणारे आहेत, बोटीवर रुजू व्हायला निघालेले तारवटी आहेत आणि साठी-सत्तरी ओलांडलेले आई-बाबाही आहेत. मुलगा लंडनला, मुलगी न्यू जर्सीला. नातवंड झाले म्हणून किंवा होणार म्हणून ते निघतात. यातल्या कित्येकांचा विमानप्रवास तोवर फार तर मुंबईपर्यंत झालेला असतो.

निघण्याच्या आधीचे चार दिवस घरात एकच काम चालते, बॅगा भरण्याचे. सोलां, कुळथाचे पीठ, काजूगर, सांडगी मिरची, घरचा मसाला. वजनकाटा आणून बॅग तेवीस किलोच्या आत बसवायची, एक डबा काढायचा, दुसरा घालायचा. एवढ्या धावपळीत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या त्याच मोठ्या बॅगेत तळाशी जातात आणि ती बॅग मोपाला चेक-इन करताना हातातून निघून जाते. पुढचा अख्खा दिवस माणूस एकीकडे आणि त्याची औषधे दुसरीकडे.

अख्खा दिवस म्हणायचे कारण हिशेबच तसा आहे. मोपाहून मुंबई सव्वा तास, मुंबईत तीन-चार तास थांबणे आणि तिथून न्यूयॉर्कला सलग पंधरा-सोळा तास. त्यात घरून निघाल्याचे आणि पलीकडे इमिग्रेशनच्या रांगेतले तास मिळवले की सहज चोवीस तास होतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. प्रवास रेंगाळायचा, पण त्या थांब्यांवर प्रवासी खाली उतरत, चार पावले चालत. आजचे विमान कुठेही न थांबता अर्धे जग ओलांडते. मधले थांबे गेले आणि त्यांच्याबरोबर पाय मोकळे करण्याची आयती सोयही गेली. ती सोय आता प्रवाशाने आपली आपण करून घ्यायची असते आणि आपली वडीलधारी माणसे तिथेच अडतात.

त्यांना अडवते ती भीड. खिडकीची सीट मिळाली म्हणून आजी खुशीत बसते. शेजारची दोन अनोळखी माणसे झोपलेली असतात. त्यांना उठवायचे कसे? मग लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. काही जण तर लघवीची गोळीही त्या दिवशी स्वतःहून टाळतात. हवाई सुंदरीला हाक मारायची तर इंग्रजीची धास्ती. परिणामी माणूस दहा-बारा तास जवळजवळ कोरडा आणि जवळजवळ निश्चल बसून राहतो. लांबच्या विमानप्रवासात तब्येत बिघडण्याचे मोठे कारण मला हेच दिसते. विमानातली हवा आणि उंची यांचा त्रास त्यानंतरचा.

त्या हवेबद्दलही थोडे समजून घेऊ. विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडते. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी आणि श्वास घेता येणार नाही इतकी विरळ हवा असते. म्हणून आत हवेचा दाब वाढवून ठेवतात, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असतो, तेवढा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. सीटवर बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर असतो आणि तिथे दहा-पंधरा तास राहतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० सारख्या नव्या विमानांत हा दाब सहा हजार फुटांच्या बरोबरीचा ठेवतात, त्यामुळे त्यांत थकवा थोडा कमी जाणवतो.

या उंचीवर रक्तातला ऑक्सिजन काही टक्क्यांनी उतरतो. धडधाकट माणसाला थोडी सुस्ती येते, क्वचित डोके जड होते, इतकेच. पण ज्यांची फुप्फुसे मुळातच कमजोर आहेत, मग ती विडी-सिगारेटने असोत की खाणपट्ट्यातल्या वर्षानुवर्षांच्या धुळीने, ज्यांचे हृदय अशक्त आहे किंवा ज्यांना गंभीर रक्तक्षय आहे, त्यांच्यासाठी ही उतरण मोठी ठरू शकते. जिना चढताना किंवा सपाटीवर थोडे चालतानाही ज्यांना धाप लागते, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. गरज पडल्यास विमानात ऑक्सिजनची सोय करता येते, पण त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला अर्ज विमान कंपनीकडे काही दिवस आधी द्यावा लागतो. काउंटरवर पोहोचून हे काम होत नाही. हृदयविकाराचा झटका, पोटाचे किंवा छातीचे ऑपरेशन, पायाला नुकतेच घातलेले प्लास्टर, यांनाही हाच नियम.

हवेचा कोरडेपणा हा दुसरा भाग. बाहेरची अतिथंड हवा आत घेऊन गरम केली जाते आणि तिच्यात बाष्प जवळपास नसतेच. त्यामुळे आतली आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. ज्यांच्या घरी आषाढात भिंतींना ओल येते आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, त्यांच्या नाका-डोळ्यांना हा बदल लगेच जाणवतो. घसा खरखरतो, डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढून साधा चष्मा लावावा, नाकपुडीत खोबरेल तेलाचे किंवा व्हॅसलिनचे बोट फिरवावे. मात्र या कोरड्या हवेमुळे शरीरातले पाणी भराभर आटते, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. श्वासावाटे जास्तीचे पाणी जाते ते थोडेच. शरीर सुकते ते न प्यायल्यामुळे. दर तासाला कपभर पाणी घेतले तरी पुरते. पाण्याची रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेता येते, आत गेल्यावर ती भरून घ्यावी आणि विमानात पाणी हवे तेव्हा डोक्यावरचे बटण दाबावे. ते बटण त्यासाठीच असते.

विमानातल्या बंद हवेतून साथीचे आजार सगळीकडे पसरतात अशीही धास्ती असते. आधुनिक विमानांत निम्मी हवा बाहेरची ताजी असते आणि उरलेली निम्मी अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांतून जाते. तासाला वीस-तीस वेळा हवा बदलते. खरा धोका शेजारच्या आणि पुढच्या-मागच्या रांगेत खोकणाऱ्याचा, आणि समोरच्या ट्रेला लागलेल्या हातांचा. मास्क जवळ ठेवावा आणि खाण्याआधी हात धुवावेत.

आता पायांकडे वळू. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हृदय रक्त खाली ढकलते. ते पायांतून परत वर चढवण्याचे काम बरेचसे पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो, पोटरी आवळते, तिच्यातल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस गुडघे वाकवून तासन्‌तास बसला की हा पंप बंद पडतो. सीटची कड मांडीच्या मागच्या बाजूला दाबते. रक्त पोटरीत साचते, पाय सुजतात, चप्पल घट्ट होते. काही जणांत त्या साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीव जाऊ शकतो.

यात विमानाचा दोष कमी आणि बसून राहण्याचा जास्त. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र-रात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू तेव्हा वाढल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले, त्यात विमान, रेल्वे, बस, मोटार असा कोणताही प्रवास चार तासांहून जास्त बसून केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे आढळले. तरीही निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक एवढेच आहे. घाबरून प्रवास टाळण्याची काहीच गरज नाही. पण हाच निष्कर्ष गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या बसलाही लागू पडतो, हे लक्षात ठेवावे. मुंबईला बसने जाऊन लगेच अमेरिकेचे विमान पकडणारा माणूस पायांवर दोन प्रवासांचा भार एकदम टाकतो.

काहींना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पूर्वी गुठळी झालेली, गेल्या काही आठवड्यांत खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, कर्करोगावर उपचार चालू असलेले, गर्भवती आणि बाळंतपणाला दीड महिना न झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या, वजन फार असलेले. यांनी डॉक्टरांशी आधी बोलावे. गुडघ्याखालचे दाब देणारे मोजे यांतल्या अनेकांना उपयोगी पडतात आणि त्यांचा फायदा अभ्यासांत दिसून आला आहे. पण ते घोट्याचे आणि पोटरीचे माप घेऊनच घ्यावेत. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांचा रक्तपुरवठा कमी झाला आहे, त्यांना ते अपायकारक ठरू शकतात. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन घेऊन निघू नये. निव्वळ प्रवासासाठी ती घेण्याची शिफारस वैद्यकीय मार्गदर्शक सूचना करत नाहीत.

बाकी सगळ्यांसाठी उपाय बिनखर्चाचा. बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर घ्या, मग चवडा टेकवून टाच उचला. पोटरी आवळलेली हाताला लागली पाहिजे. दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा एवढे करा आणि दर तास-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून या. पायांपुढची जागा पिशव्यांनी भरू नका, पाय हलायला ती मोकळी हवी. आपल्याकडच्या अनेकांना सीटवरच मांडी घालून बसायची सवय असते. थोडा वेळ ठीक आहे, पण तशीच झोप लागू देऊ नका.

उतरल्यावर दोन्ही पाय सारखे सुजलेले दिसले तर काळजी नको, एक-दोन दिवसांत सूज ओसरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तिथली कातडी गरम किंवा लालसर वाटते, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकते, त्यामुळे आपण कधी प्रवास केला ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर गावी असाल तिथून १०८ ला फोन करा. तेल चोळत किंवा शेक देत बसू नका.

कानांचे दुखणे त्या मानाने छोटे, पण लहान मुलांना रडवणारे. आंबोलीचा घाट चढताना-उतरताना कानांत दडे बसतात, तेच इथे घडते. विमान उतरताना त्रास जास्त होतो, कारण कानातून नाकाकडे जाणारी नळी हवा बाहेर सहज सोडते, आत घ्यायला मात्र आढेवेढे घेते. म्हणून विमान खाली येऊ लागले की झोपलेल्या मुलांना उठवावे, तान्ह्याला अंगावर पाजावे, मोठ्यांनी खडीसाखर चघळावी, जांभई द्यावी, आवंढे गिळावेत. सर्दीने नाक चोंदले असेल तर उतरण्याच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी सांगितलेले नाकाचे थेंब घालावेत.

हवेचा दाब कमी झाला की वायू फुगतो. पोटातला वायूही सुमारे तृतीयांशाने वाढतो. निघण्याच्या दिवशी उसळी, चणे, सोड्याची पेये टाळली तर पोट शांत राहते. हाच नियम एका ठिकाणी फार गंभीर होतो. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसणे म्हणजे दृष्टी गमावण्याचा धोका. आणखी एक गोष्ट सुट्टीवर आलेल्या तरुण मुलांसाठी. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रांडे बेटापाशी स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर ते सुट्टीच्या सुरुवातीला उरकावे. पाण्याखालून आल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेले तर त्याचे बुडबुडे होतात. मध्ये पुरते चोवीस तास जाऊ द्यावेत.

गोळ्यांचा विषय वर आलाच आहे. सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मूळ पाकिटांसह, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. तिच्यात ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नावही असावे, कारण आपल्याकडचे ब्रँड परदेशात कुणाला ठाऊक नसतात. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीच घालू नये. तिथे ते गोठू शकते आणि बॅग हरवली तर सगळेच संपते. विमानात इन्सुलिन घ्यायचे ते जेवणाचा ट्रे समोर आल्यावर. जेवण येणार म्हणून आधी टोचून घेतले आणि विमान हेलकावू लागल्याने वाढप थांबले, तर साखर धोकादायक उतरते. पिशवीत बिस्किटे, खजूर, चघळायच्या गोड गोळ्या हव्यातच. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला परतताना आखडतो. त्याप्रमाणे डोस कसे बसवायचे ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. आखातात जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथल्या काही देशांत परवानगीविना नेणे हा गुन्हा आहे.

दारू आणि झोपेची गोळी यांच्या मदतीने प्रवास ‘झोपून काढण्याचा’ सल्ला अनेक जण देतात. तो मला अजिबात पटत नाही. जर्मन एअरोस्पेस सेंटरच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की विमानातल्या दाबाइतक्या विरळ हवेत दारू पिऊन झोपलेल्या तरुण, निरोगी माणसांचाही रक्तातला ऑक्सिजन बराच खाली येतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. शिवाय गोळीने गाढ झोपलेला माणूस पाय हलवत नाही.

राहिला शरीराच्या घड्याळाचा प्रश्न. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास, न्यूयॉर्क साडेनऊ तास असते. शरीर दिवसाला साधारण तासभर जुळवून घेते, म्हणून अमेरिकेत पोहोचल्यावर आठवडाभर रात्री दोनला जाग येणे आणि दुपारी डोळे मिटणे साहजिक आहे. आपले आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते. त्यामुळे दिवस लांबवणारा पश्चिमेचा प्रवास सोपा जातो आणि परतीचा प्रवास अंगावर येतो. या घड्याळाला किल्ली देते ती उजेडाची वेळ. लंडनला गेल्यावर संध्याकाळी बाहेर फिरावे, रात्र होईपर्यंत झोपू नये. तिथून परतल्यावर मात्र पहिले दोन-तीन दिवस पहाटेचे फिरणे थांबवावे. आपल्याकडे पहाटे सहा वाजलेले असताना शरीराला अजून मध्यरात्र वाटत असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळ उलट दिशेला ढकलतो. दहानंतरचे ऊन घेतले तर लवकर रुळायला होते. बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांनाही ही झोप हवी असते. वीस तास प्रवास करून आलेल्या माणसाला लगेच पाळीवर लावले तर चूक व्हायला वेळ लागत नाही.

एवढे सगळे साठीच्या माणसाने वाचून लक्षात ठेवावे अशी अपेक्षा नाही. त्यातले निम्मे तिकीट काढणाऱ्यालाच करता येते. म्हणून परदेशातल्या मुलांना सांगणे आहे की आई-बाबांसाठी खिडकीऐवजी वाटेकडेची सीट घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा. ती घेण्यात लाज नाही, मोठ्या विमानतळांवर एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंतचे चालणे गुडघे दुखणाऱ्याला झेपत नाही. दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा. आरोग्य विमा काढा आणि त्यात जुने आजार धरले आहेत ना ते तपासा. ‘पाणी हवे’, ‘मला उठायचे आहे’, ‘मला बरे वाटत नाही’ ही तीन वाक्ये इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात द्या. आणि निघण्याच्या आदल्या रात्री फोन कराल तेव्हा बॅगेत मसाला घातला का, हे विचारण्याआधी गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत ते विचारा.